अठरा दिवस, अकरा गावं

बंगळूरात बनशंकरीला राहणाऱ्या बिंदुमाधवरावांना भारतयात्रा आखायला दोन वर्षं लागली आणि करायला अठरा दिवस. यातच सगळं आलं. पण ते त्यांना कळायला फोटो धुऊन यावे लागले.

हौस मुळात वसुमतीची. लग्न होऊन बंगळूरला आली तेव्हापासून ती म्हणत होती, एकदा देश हिंडून येऊ. सव्वीस वर्षं नवऱ्याने "पाहू" म्हणून तिची बोळवण केली. कधी आईचं आजारपण, कधी लेकीची परीक्षा, कधी नुसताच कंटाळा. सरकारी नोकरीत चार वर्षांनी एकदा मिळणारी प्रवासाची सवलतही दर खेपेला फुकट गेली. शेवटी त्र्याण्णव साली, निवृत्ती दिसू लागल्यावर, राव जागे झाले, आणि असे जागे झाले की घरच्यांची झोप उडाली. रेल्वेचं वेळापत्रक उशाशी आलं. मद्रास, पुरी, कलकत्ता, गया, काशी करत थेट उज्जैनपर्यंत अकरा गावं त्यांनी तास-मिनिटांसकट एका कागदावर बसवली आणि कार्बन घालून चार प्रती काढल्या. ताजमहालाच्या वाट्याला चाळीस मिनिटं आली. लेक हर्षिताने विचारलं, यात जेवण कुठे आहे? गाडीत, असं उत्तर मिळालं.

वसुमतीने एकच मागितलं होतं. काशीत एक अख्खी सकाळ घाटावर नुसतं बसायचं. रावांनी ती सकाळ कागदावर लिहिलीही होती.

पंचाण्णवच्या हिवाळ्यात एकदाचं घोडं गंगेत न्हालं. न्हालं आणि ओलेत्यानेच स्टेशनकडे धावलं, कारण गयेहून येणारी गाडी पाच तास उशिरा पोचली आणि तो सगळा उशीर रावांनी घाटावरच्या सकाळीतून कापून घेतला.

परत आल्यावर आठवड्याने फोटो आले. राव एकटेच पाहत बसले. प्रत्येक फोटोत वसुमती खांद्याला पिशवी अडकवून, निघायच्या तयारीत उभी होती. ताजमहालापुढे तर चपला हातात. एकच फोटो वेगळा होता, काशीचा. त्यात पिशवी पायरीवर ठेवून, पाण्यात पाय सोडून ती बसली होती आणि तिचा चेहरा इतका निवांत होता की तसा तो त्यांनी घरात कधी पाहिलाच नव्हता. फोटो काढून झाल्यावर आपण काय म्हणालो, तेही त्यांना आठवलं. ऊठ, प्रयागची गाडी आहे. "स्वल्प बसू द्या की," ती म्हणाली होती. दुसऱ्यांदा म्हणाली नव्हती.

रावांना मनापासून लाज वाटली. माणूस घाईचा होता, पण मनाचा कोता नव्हता. त्यांनी ठरवलं, निवृत्त झालो की पुन्हा निघायचं, दोघांनीच. वेळापत्रक घ्यायचं नाही. ती म्हणेल तिथे उतरायचं, ती म्हणेल तितकं बसायचं. आणि हे तिला मावंद्याला चारचौघांत सांगायचं, म्हणजे आपल्यालाही मागे फिरता येणार नाही.

काशीहून आलं की मावंदं घालायचं, आणलेल्या गंगेची पूजा करून आप्तेष्टांना जेवू घालायचं, ही रीत या घराण्याने तीनशे वर्षं कानडी मुलुखात राहूनही सोडली नव्हती. चाळीस माणसं जमली. प्रवास कसा झाला म्हणून लोकांनी विचारलं, तर रावांच्या तोंडून नुसत्या गाड्याच निघू लागल्या. जगन्नाथाची मूर्ती कशी होती असं कुणी विचारलं तेव्हा त्यांना काही केल्या आठवेना. मग बायका वसुमतीकडे वळल्या. यांना विचारा, यांनी सगळं लिहून ठेवलंय, असं ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणून रावांना ते जास्त लागलं.

यात्रेकरू म्हणून रावांना पहिल्या पंगतीत बसवलं. यात्रेकरू वसुमतीही होती, पण ती वाढत होती. दुसऱ्या भाताला राव खाकरले आणि त्यांनी आपला बेत सांगून टाकला. पंगत खूश झाली. वसुमती तुपाचं भांडं हातात घेऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली की तिला येता यायचं नाही.

रावांना वाटलं, रुसवा आहे. ते समजूत घालू लागले, तशी त्यांच्या थोरल्या बहिणीने, कौशल्याक्काने, विषय बदलायला विचारलं की काशीत काय काय सोडलंत. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू जन्मभरासाठी तिथे सोडून यायची असते. रावांनी कारलं सोडलं होतं. ते त्यांना तसंही आवडत नव्हतं, हे साऱ्यांना ठाऊक असल्याने पंगतीत खसखस पिकली.

"आणि तू ग?" अक्काने विचारलं.

"प्रवास," वसुमती म्हणाली. "हे रिक्षा बघायला वर गेले, तेवढ्यात सोडला. घरी पोचेपर्यंतचा तेवढा ठेवला."

"वेडी का काय? सोडायचं ते आवडीचं लागतं."

"आवडीचंच होतं, अक्का."

काशीत सोडलेलं परत घेता येत नाही, हे रावांना कुणी सांगायला नको होतं. त्यांचा हात पानावर तसाच राहिला.

"माझं चुकलं, वसू," ते चाळीस माणसांदेखत म्हणाले. जन्मात पहिल्यांदाच म्हणाले असावेत.

"सरी, ठीक आहे," ती हलकेच म्हणाली आणि तिने त्यांच्या भातावर तूप वाढलं. "आटपा आता. मागची पंगत खोळंबलीय."