रडणारी उशी

आत्याच्या घराचं दार अर्धंच उघडलं, कारण मागून उशांचा विरोध होता. भाचा पोट आत ओढून आडवा आत शिरला. सोफ्यावर उशा, फ्रीजवर उशा, बाथरूमच्या दाराशी एक उशी नंबर लावून उभी. पलंगावरची रास पार छताला टेकलेली, म्हणून आत्या हल्ली खुर्चीत झोपायची. बिनउशीची. मान धरली होती.

"ठोंब्या, तू त्या कॉम्प्युटरातला ना? मग एवढ्या उशा बंद करून दे बाबा. महिन्याला एक येणार होती. रद्द करायला जाऊन थांबले की खूश होऊन जास्तीची पाठवतात."

"बटण सापडत नाही का?"

"सापडतं रे. दाबवत नाही."

उशांच्या पिशव्यांवरचं चित्र भाच्याने दारातच ओळखलं होतं. ती वेबसाइट त्याचीच करणी होती. आत शिरायचं बटण हिरवंगार, तळहाताएवढं. बाहेर पडायचं राखाडी, पांढऱ्यावर, मुंगीने सही केल्यासारखं. तेही कुणाला सापडलंच, तर पुढे रडणारी उशी. तिच्याबद्दल ऑफिसात त्याचा सत्कार झाला होता. बक्षीस म्हणून उशीच दिली होती.

"आण इकडे, आत्ता करतो," म्हणत त्याने फोन घेतला. आत्याचं लक्ष जायच्या आत उरकायचं, एवढाच त्याचा बेत. पण पडद्यावर उशीने डोळे उघडले, डोळ्यांत पाणी आणलं आणि खाली अक्षरं उमटली: 'जा हो, जा. माझं काय, मी आपली एकटीच.' त्याखाली मोठ्ठं बटण, 'बरं, राहू दे'. आणि कोपऱ्यात बारीकसं, 'एकटी राहा'.

"आली बघ," आत्या म्हणाली. "हिला किती वेळा सांगितलं, बाई गं, जागा नाही. पण अशी बघते की पाय निघत नाही."

"चित्र आहे गं ते."

"बोलणं चित्रातलं नाही. थांब, अंगठा काढ." तिने चष्मा लावून पुन्हा वाचलं. सावकाश. "हे तर मी म्हणते. तू निघालास की, दारात."

भाचा फोन ठेवायला जागा शोधू लागला. सगळीकडे उशाच.

"तू लिहिलंस?"

"हो."

तोंड लपवायला घरात उशांना तोटा नव्हता. तरी त्याला एकही उशी उचलवेना.

आत्या रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं कुतूहलाने विचारलं, "चालतं का रे लोकांवर?"

"बहुतेक सगळे थांबतात."

"हो?" आत्याने चष्मा पदराला पुसला. "तू नाही कधी थांबलास."

मग तिने स्वतःच बोट पुढे केलं आणि 'एकटी राहा' दाबलं. पहिल्या फटक्यात. उशीने डोळे मिटले.

"झालं. पळ आता, उशीर होईल तुला."

तो दाराशी गेला. नेहमीचं वाक्य येईल म्हणून उभा राहिला. आलं नाही. आत्या खुर्चीत मान सांभाळत टेकली होती. दार अर्धंच उघडत होतं, बाहेर पडायला पोट आत ओढावं लागणार होतं, आणि आज ते काही केल्या आत जाईना.

शेवटी तो वळला आणि पलंगावरची सगळ्यात वरची उशी काढायला स्टूल शोधू लागला.