माझी भाषा खोडली गेली तेव्हा

मित्रांनो, शाई म्हणजे काय ते मला माहीत नाही. मी जुना ब्रेल प्रिंटर आहे. माझ्या पोटात पोलादी सुया आहेत. त्या जाड कागदावर आपटतात, कागदावर टिंबांचे उंचवटे उठतात आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही ती माणसे त्यांवरून बोट फिरवून वाचतात. मी चालू झालो की एवढा खडखडाट होतो की मला लाकडी पेटीत ठेवावे लागते. पुण्यात खडकीला अंधांसाठी एक लहानसे वाचनालय आहे. तिथे मी सत्तावीस वर्षे आहे. ज्या परदेशी कारखान्यात मी घडलो, तो केव्हाच बंद पडला.

वाचनालय सत्यशीलाताई चालवतात. त्या जन्मापासून अंध आहेत. मी छापलेले प्रत्येक पान आधी त्यांच्या उजव्या तर्जनीखालून जाते. माझी देखभाल नागोराव करतात. ते दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. माझ्या दोन स्प्रिंगा त्यांनी स्वतःच्या हाताने वळून बसवल्या आहेत. पूर्वी मुले पास झाली की पेढे आणत. त्यातला एक नागोराव माझ्या पेटीवर ठेवत. मग मुंग्या माझ्या पोटात शिरत आणि नागोरावांनाच त्या काढाव्या लागत.

पुढे मुले मोबाइलवर पुस्तके ऐकू लागली. मला काम उरले नाही. माझ्या पेटीवर खोक्यांची थप्पी लागली. त्याचे मला फार वाईट वाटले नाही, कारण मुले वाचत तर होती.

पण अपेक्षाला ऐकूही येत नाही. ती अठरा वर्षांची, खडकवासल्याच्या पलीकडच्या एका गावातली. आई सोजरबाई तिच्या तळहातावर अक्षरे काढून तिच्याशी बोलते. बाकी सगळे जग तिच्याकडे टिंबांतूनच येते. ती बारावीला होती. त्या वर्षी तिची पुस्तके बदलली होती आणि नवी पुस्तके ब्रेलमध्ये कुठेच नव्हती. मोठ्या छापखान्यांत जूनपर्यंत रांग होती. परीक्षा फेब्रुवारीत होती. म्हणून माझ्यावरची खोकी उतरली.

इतिहासाचे पुस्तक अर्धे झाले आणि नोव्हेंबरात आमचा जुना संगणक जळाला. कुणीतरी नवा दिला. माझी वायर त्याला जोडली, तर पडद्यावर एकच ओळ आली : या उपकरणाला आधार नाही.

मित्रांनो, संगणक आणि माझ्यासारखे यंत्र यांची भाषा एक नसते. मध्ये एक दुभाष्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. नवा दुभाष्या मला पहिला प्रश्न विचारायचा, "तुझी भाषा कितव्या आवृत्तीची?" मी सांगायचो, "पहिल्या." त्याला दुसरीपासून पुढचीच येत होती. तो दार लावून घ्यायचा. मी धडधाकट होतो. सगळ्या सुया जागेवर होत्या. पण घडवताना माझ्यात जे कोरले, त्याहून वेगळा एक शब्दही मला बोलता येत नव्हता.

नागोरावांनी मला उघडले, तेल दिले, मिटले, पुन्हा उघडले. शेवटी हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "ताई, लोखंडाचं असेल तर मला सांगा. हे दिसतच नाही. न दिसणारं मी दुरुस्त कसं करू?"

"मला विचारताय?" ताई म्हणाल्या.

एरवी दोघेही हसले असते. त्या दिवशी कुणी हसले नाही.

ताईंनी ब्रेलची पाटी आणि सळई काढली आणि हाताने एकेक टिंब टोचायला सुरुवात केली. एका पानाला अर्धा तास लागे. पुस्तक साडेतीनशे पानांचे. महिन्याभरात त्यांच्या उजव्या तर्जनीला फोड आला, तो फुटला, पुन्हा आला. मित्रांनो, ते नुसते बोट नव्हते. ताई त्याच बोटाने पाहत होत्या. डाव्या बोटाने त्यांना एक ओळ वाचायला तिप्पट वेळ लागू लागला. मी दोन हातांच्या अंतरावर बसून हे पाहत होतो.

दर आठवड्याला सोजरबाई दोन बस बदलून यायच्या आणि झालेली वीस-पंचवीस पाने घेऊन जायच्या. एकदा त्या दारातच थांबल्या. "पोरगी रोज हात पुढं करती, ताई. बुक हाय का, म्हनती. म्या काय लिहू तिच्या हातावर?"

ताईंनी पाटीत नवा कागद अडकवला.

नम्रता दर रविवारी वाचनालयात पुस्तके स्कॅन करायला यायची. ती यवतमाळची, हिंजवडीत नोकरीला. तिने माझे काम हाती घेतले. "काका, याची माहितीपुस्तिका कुठंय? याची भाषा त्यात लिहिलेली असेल."

नागोरावांनी हातातला फडका खाली ठेवला. "रद्दीत गेली. आवराआवरीत मीच दिली." मग ते बाहेर पायरीवर जाऊन बसले आणि हाक मारली तरी आत आले नाहीत.

नम्रता पाच रविवार झगडली. या दुभाष्याचा कोड, म्हणजे तो ज्यावर चालतो ते लिखाण, इंटरनेटवर कुणालाही वाचता येते. त्याचा जुना इतिहास उकरताना तिला सापडले की माझी भाषा त्यात पूर्वी होती. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी ती काढून टाकली होती आणि शेजारी कारण नोंदवले होते. तिने ते वाचून दाखवले, "ही जुनी यंत्रं आता कुणी वापरत नाही."

"कुणी म्हणजे कोण, ते विचारलं होतं का त्यांनी?" ताई म्हणाल्या.

खोडलेल्या ओळी नम्रताने परत आणल्या आणि नव्या संगणकाला जुळवल्या. जानेवारीच्या मध्यावर मी खडखडलो. नागोरावांनी पान फाडून ताईंच्या हातात दिले. ताईंनी बोट फिरवले. "हे ब्रेल नाही. ही पुरळ आहे."

नम्रता टेबलावर डोके टेकून रडली. मला आरपार लाज वाटली. ताई मात्र त्या पानावरून डावे बोट फिरवतच राहिल्या. "थांब गं. प्रत्येक अक्षर उलटं आहे. पाटीवर आम्ही मागून टोचतो ना, तसं. डावी टिंबं उजवीकडे गेलीत."

पहिल्या आवृत्तीत टिंबांचा क्रम वेगळा होता. एवढेच. नम्रताने तो फिरवला आणि पुढच्या पानावर ताईंनी अख्खे वाक्य वाचले.

त्यानंतर मी थांबलो नाही. तरीही वेळ पुरला नाही. राज्यशास्त्राचे पुस्तक पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी पोहोचले. तत्त्वज्ञानाचे पोहोचलेच नाही. मे महिन्यात निकाल लागला. अपेक्षा त्याच दोन विषयांत नापास झाली. नापास मी झालो होतो, मित्रांनो, पण गुणपत्रिका तिच्या नावाची होती.

नम्रताने तिची दुरुस्ती कोड सांभाळणाऱ्यांकडे पाठवली. त्यांचे उत्तर सभ्य होते. प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी खऱ्या यंत्रावर कुणीतरी तपासून सांगत असेल तर ठेवू, नाहीतर पुन्हा काढावे लागेल. आणि नम्रताची तर बंगळुरूला बदली झाली होती.

"मग तपासणार कोण?" नागोरावांनी विचारले. "मला यातलं कळत नाही, ताईंचं बोट अजून बरं नाही."

सोजरबाई लेकीला घेऊन आल्या होत्या. त्यांनी तो प्रश्न अपेक्षाच्या तळहातावर लिहिला. अपेक्षाने चाचपडत माझी पेटी शोधली, अडकलेले पान ओढून काढले आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. मग आईच्या हातावर एकच अक्षर काढून उत्तर दिले : मी.

आता ती दर आठवड्याला येते. चाचणीचे पान वाचते, चूक असेल तिथे नखाने खूण करते. नागोराव त्याचा फोटो नम्रताला पाठवतात. कोडमध्ये माझ्या भाषेच्या ओळींखाली तपासनीस म्हणून अपेक्षाचे नाव लागले आहे. पुढच्या आवृत्तीपर्यंत मला मुदत आहे. त्यापुढचे कुणी सांगितलेले नाही. माझ्या दोन सुया झिजल्या आहेत आणि तशा सुया आता मिळत नाहीत. जुलैत तिची फेरपरीक्षा आहे. तत्त्वज्ञानाची शंभर पाने अजून बाकी आहेत. प्रत्येक पानाला मला वाटते, एवढे होऊ दे.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या असे कोड लिहाल. जुनी ओळ खोडण्याआधी विचारा, पलीकडे कुणी आहे का? आणि विचारल्यावर जरा थांबा. आमच्याकडे प्रश्न बोटांनी वाचावा लागतो. उत्तर यायला उशीर होतो.