तळघरातला भोंगा

जिन्यावरून खाली येता येता रेनो साल्मेलानं बाकाकडे पाहिलं आणि तो शेवटच्या पायरीवरच थबकला. आर्विडनं भोकं पाडून टाकली होती. चारही. सुबक, गोल, एका ओळीत. फक्त बाकाच्या भलत्याच टोकाला.

"खिडकीकडच्या टोकाला म्हटलं होतं मी."

आर्विड पाठमोरा उभा राहून लाकडावरचा भुसा फुंकत होता. "मेपल आहे हे," तो कौतुकानं म्हणाला. "असलं लाकूड आता बघायला मिळत नाही. खाणीत आमच्या फोरमनचं टेबल होतं असलं, त्याच्यावर एकदा—"

"आर्विड! घर तापवायच्या भट्टीशेजारी बसून कुणी काडतुसं भरतं का? आत ज्योत आहे तिच्या! बंदुकीची दारू मी तिच्या अंगावर ओतू?"

आता कुठं आर्विड वळला. आधी रेनोच्या तोंडाकडे बघितलं, मग भट्टीकडे, मग भोकांकडे. "मग आधी नीट सांगायचं ना," तो म्हणाला, आणि टेबलाची गोष्ट त्यानं जिथं सोडली होती तिथून पुढं सुरू केली.

रेनोनं डोळे मिटून घेतले. सकाळी कॉफी पितानाच त्यानं सांगितलं होतं. जिन्यातून वर जाताना पुन्हा ओरडून सांगितलं होतं. याहून नीट म्हणजे काय, लाकडावर चित्र काढायचं?

काडतुसं भरायचं नवं यंत्र घ्यायची कल्पना मुळात रेनोची. सगळा जन्म त्यानं काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्त्यांवरचा बर्फ उपसायची गाडी चालवली होती, आणि त्या गाडीनं जाता जाता त्याचा उजवा खांदा सोबत नेला होता. जुन्या यंत्रावर एकेका काडतुसासाठी दांडा पुन्हा पुन्हा ओढावा लागे. साचा बदला, पुन्हा ओढा. नव्यावर तसं नव्हतं. खाली एक गोल चकती फिरते, दांड्याच्या एकेका ओढीला ती एक घर पुढं सरकते. एका घरात रिकाम्या पुंगळीत ठिणगी देणारी नवी टिकली बसते, पुढच्यात दारू पडते, त्याच्या पुढच्यात गोळी दाबली जाते, आणि तयार काडतूस टपकन डब्यात पडतं. रेनोनं हे सांगितलं तेव्हा आर्विड म्हणाला, "निम्मे पैसे माझे." दोघंही नेमबाजीच्या क्लबात पिस्तूल चालवायचे, तेव्हा यात वावगं काही नव्हतं. आर्विडच्या भाड्याच्या दोन खोल्यांत घरमालक असलं काही ठेवू देईना, म्हणून यंत्र आलं रेनोच्या तळघरात. आणि यंत्रापाठोपाठ आर्विडही आला. रोज. नाश्त्याच्या आधी.

"तुझा भाऊ आहे तो," रेनो बायकोला म्हणाला होता.

"म्हणून तर तुझ्या वाट्याला घातलाय," लेम्पी म्हणाली होती. "मी लहानपणी माझा वाटा उरकलाय."

भोकं बुजवून नवी पाडली. मग बोल्ट आणायचे निघाले. बाकाच्या आरपार जातील असे लांब, खाली रुंद वायसर आणि नट. आर्विड गावात जाणारच होता म्हणून त्यालाच सांगितलं. आर्विड दुकानातून तास-दीड तासानं परतला तो लाकडात पिळायचे आखूड स्क्रू घेऊन. दुकानदाराला मासेमारीचा अख्खा मोसम ऐकवून झाला होता.

"हे काय आहे?"

"स्क्रू."

"मला दिसतंय ते स्क्रू आहेत! मी बोल्ट म्हणालो होतो, बोल्ट!"

"दुकानातला पोरगा म्हणाला हेच चालतात," आर्विड निवांतपणे म्हणाला. "हल्लीच्या पोरांना काही कळत नाही रे. आमच्या वेळी खाणीत..."

रेनो स्वतः गाडी घेऊन गेला. यंत्र एकदाचं बाकावर बसलं तर चकती भलत्याच मापाची निघाली. दोघांची पिस्तुलं पंचेचाळीस कॅलिबरची, चकती नऊ मिलिमीटरची. ऑर्डर फोनवरून आर्विडनं दिली होती.

"त्या बाईला सांगितलं होतं मी," आर्विड म्हणाला. "फोनवर पुटपुटत होती नुसती. तिनंच चूक केली."

रेनो जिना चढून वर गेला, स्वयंपाकघरात लेम्पीसमोर उभा राहिला, आणि आजीकडून शिकलेली फिनिश शिवी त्यानं सावकाश, प्रत्येक अक्षर मोकळं करून दिली.

"माझ्या आईनं ऐकलं असतं तर साबणानं तोंड धुतलं असतं तुझं," लेम्पी पीठ मळता मळता म्हणाली.

"तुझ्या आईनं त्याला जन्म दिला. तिनं गप्प बसावं."

"ती जाऊन वीस वर्षं झाली, रेनो."

"तरीपण."

बदललेली चकती आली तोवर नोव्हेंबर लागला होता. हरणांच्या शिकारीचा मोसम तोंडावर आलेला, गावातल्या निम्म्या गॅरेजांतून बंदुका पुसल्या जात होत्या. त्या शनिवारी दुपारी सगळं जागेवर बसलं. साचे लागले, दारूची नळकांडी वर चढली, टिकल्यांची नळी भरली. नळकांडीच्या डोक्यावर एक छोटा भोंगा होता. आतली दारू एका खुणेच्या खाली गेली की तो वाजू लागे, बारीक, कानात सुई टोचावी तसा. रेनोनं तो मुद्दाम वाजवून पाहिला. भोंग्यावर त्याचा फार भरवसा होता. कारण दारू न पडलेलं काडतूस म्हणजे साधी चूक नव्हे. नुसत्या टिकलीच्या जोरावर गोळी निम्म्या नळीत जाऊन अडकते. नेमबाजाला वाटतं, बार फुसका गेला. तो पुन्हा चाप ओढतो, आणि पिस्तूल हातात फुटतं.

"एकच नियम," रेनोनं आर्विडसमोर बोट नाचवत सांगितलं. "काम चालू असताना गप्पा नाहीत. एक शब्द नाही."

"अगदी बरोबर," आर्विड म्हणाला. "बोलणाऱ्या माणसाचं लक्ष उडतं. आमच्या खाणीत एक कोस्की म्हणून होता, त्याला बोलायची एवढी खोड की—"

पहिली काही काडतुसं रेनोनं स्वतः भरली. दर खेपेला पुंगळीत वाकून दारू पाहिली, वजन करून पाहिलं. यंत्र लोण्यासारखं चाललं. कितीतरी आठवड्यांनी रेनोच्या कपाळावरची शीर खाली बसली. खांदा दुखू लागला तसा तो उठला. "आता तू ओढ. दर वेळी आत बघायचं. मी कॉफी घेऊन येतो."

वर लेम्पीनं वेलदोड्याचा पाव नुकताच ओव्हनमधून काढला होता. रेनोनं एक तुकडा तोडला, तोंड भाजून घेतलं, दुसरा तोडला. लेम्पीनं मान वर केली.

"हे काय वाजतंय रे?"

रेनोनं ऐकलं. जिन्याच्या दाराखालून तो आवाज येत होता. बारीक, अखंड.

"अरे देवा," म्हणून तो धावला.

खाली भोंगा केकाटत होता. आर्विडच्या डाव्या कानापासून हातभर अंतरावर. आणि आर्विड खुशाल दांडा ओढत होता, ओढत होता, टपाटप काडतुसं डब्यात पडत होती, आणि तोंडानं एकट्यानंच कोस्कीची गोष्ट चालली होती. नळकांडीत दारूचा कण उरला नव्हता.

"थांब!" रेनो पायरीवरून ओरडला. "आर्विड, थांब!"

दांडा खाली आला. वर गेला. अजून एक काडतूस पडलं.

रेनोनं त्याचा खांदा धरून गदागदा हलवला तेव्हा आर्विड दचकून वळला. "काय झालं?"

"काय झालं? तुला हे ऐकू येत नाही?"

"काय?"

रेनोनं भोंग्याकडे बोट केलं. आर्विडनं भोंग्याकडे पाहिलं. एवढंसं लाल दिव्याचं टिंब लुकलुकत होतं. आर्विडचा चेहरा क्षणभर उघडा पडला, जसा झोपेतून उठलेल्या माणसाचा पडतो. मग तो म्हणाला, "बिघडलाय तो. वाजतच नाहीये."

जिन्यात लेम्पी दोन्ही कानांवर हात ठेवून उभी होती.

रेनोनं भोंगा बंद केला. तळघर एकदम शांत झालं. कितीतरी संताप त्याच्या घशापर्यंत आला होता, तयार, धार लावलेला. पण तो बाहेर पडेना. त्याच्या डोक्यात भोकं, स्क्रू, फोनवरची पुटपुटणारी बाई एकामागून एक येऊन बसत होती. पाठमोरा असताना सांगितलेलं. गडबडीच्या दुकानात विचारलेलं.

"कधीपासून?" त्यानं समोर येऊन, तोंड नीट दिसेल असं विचारलं.

"काय कधीपासून?"

"आर्विड."

आर्विड बाकावर बसला. "खाणीत सगळ्यांनाच होतं थोडंफार," तो म्हणाला. "आम्ही कानात काही घालत नव्हतो. बायकी वाटायचं. बायको होती तोवर ती बाजूला बसून पुन्हा सांगायची. आता लोक बोलतात आणि मला ओठ हललेले दिसतात. मग मीच बोलतो. मी बोलत असलो की मला कुणी काही विचारत नाही."

"अरे गाढवा," लेम्पी जिन्यातून म्हणाली. मग खाली येऊन त्याच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा ओरडली, "गाढवा!"

"ते आलं ऐकू," आर्विड म्हणाला.

पण रेनोला हसू आलं नाही. त्याला क्लब आठवला होता. दर रविवारी नेमबाजीच्या रांगेमागे शिट्टी घेऊन कोण उभं असतं? आर्विड. गोळीबार सुरू करा, बंद करा, हा हुकूम कोण देतं? मागच्या महिन्यात रांगेतल्या एका बाईनं पिस्तूल अडकलं म्हणून हाक मारली, दोनदा मारली, आर्विडनं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. रेनोला वाटलं होतं, शिट्टी गळ्यात पडली म्हणून याचं डोकं फिरलं.

"ती शिट्टी परत करायची," रेनो म्हणाला. "उद्याच. तू सांग, नाहीतर मी सांगतो."

"तू असं करणार नाहीस."

"करीन."

आर्विड उठला. कोट घातला. "तुझं यंत्र तुझ्यापाशी ठेव," म्हणाला, आणि गेला. जाताना पायरीवर अडखळला तो रागानं की कशानं, कोण जाणे.

त्यानं सांगितलं नाही. रेनोनं सांगितलं. क्लबच्या अध्यक्षांना फोन करताना त्याला स्वतःचीच एवढी चीड आली की फोन ठेवल्यावर त्यानं कारण नसताना अंगणातली लाकडं फोडली. मग तो तळघरात उतरला. डब्यात दारू पडलेली आणि न पडलेली काडतुसं एकत्र मिसळली होती, वरून पाहून एकही ओळखू येत नव्हतं. सगळी फोडायची. काडतूस प्लास्टिकच्या पोकळ हातोडीत अडकवून जमिनीवर आपटायचं, गोळी निसटेपर्यंत. एक काडतूस, तीन-चार दणके. दुखऱ्या खांद्यानं. दर दणक्याला तो आर्विडचं नाव घेत होता, आणि दणका खालीच विरून जात होता, कारण ऐकायला कुणी नव्हतं.

आठवडा असाच गेला. नाश्त्याला कुणी आलं नाही. लेम्पी दोनदा भावाकडे जाऊन आली. तिसऱ्यांदा त्याला गाडीत घालून शहरातल्या कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

पुढच्या बुधवारी सकाळी दार वाजलं. आर्विड उभा होता. दोन्ही कानांमागे मक्याच्या दाण्याएवढं काहीतरी चिकटलेलं.

"दार किती करकरतंय तुझं," तो म्हणाला. "तेल घालत नाहीस?"

आत येऊन खुर्चीवर बसला. फ्रिजकडे वळून म्हणाला, "हा कायम असा घुमतो?" लेम्पीनं ताटल्या मांडल्या तसा कळवळून डोळे मिटले. मग रेनोला म्हणाला, "आणि तू खाताना असा आवाज करतोस? एवढी वर्षं? लेम्पी, कसं सहन करतेस गं तू?"

रेनोनं काटा खाली ठेवला. देवाशपथ, बहिरा होता तेव्हा बरा होता, हे त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं.

"शिट्टी दिली मी परत," आर्विड म्हणाला. "तुझा फोन आधीच गेला होता म्हणे."

"हो."

"कुत्र्या."

"हो."

"ती बाई, मागच्या महिन्यातली," आर्विड पावाचा तुकडा बोटात फिरवत म्हणाला. "अध्यक्षांनी सांगितलं मला. तिनं हाक मारली होती म्हणे. मला माहीतच नव्हतं रे." त्यानं तुकडा ताटलीत ठेवून दिला. "फोन केलास ते... जाऊ दे. कॉफी ओत."

उरलेली काडतुसं दोघांनी मिळून फोडली. आर्विडला दणके सहन होईनात, तर तो कानांची यंत्रं काढून ठेवी. रेनोला काही सांगायचं झालं की त्यानं ती पुन्हा घालायची, तोवर रेनो काय सांगायचं तेच विसरायचा. दोघं भांडले. संध्याकाळपर्यंत डबा रिकामा झाला. मग नळकांडी भरून नव्यानं काडतुसं भरली, आर्विड दांड्यावर, रेनो प्रत्येक पुंगळीत डोकावत. भोंगा वाजला तेव्हा आर्विडच आधी थांबला आणि म्हणाला, "किती घाणेरडा आवाज आहे हा."

रविवारी क्लबात ती काडतुसं चालली. एकही फुसकं निघालं नाही. आर्विड शिट्टीशिवाय रांगेत उभा होता, इतरांसारखा, कानांवर जाड झाकणं लावून, आणि त्याचा नेम रेनोपेक्षा सरस लागला याचा रेनोला मनापासून राग आला.

परतताना बर्फ पडत होता, पहिलाच, मोठाल्या ओल्या पाकळ्यांचा, आणि रस्ता पांढरा झाला होता. वळणावर काउंटीची बर्फ उपसायची गाडी पातं खाली घेऊन समोरून आली, आणि रेनोनं आपली गाडी कडेला दाबली. ती गाडी जाईपर्यंत दोघंही पाहत राहिले.

आर्विडनं रेडिओ बंद केला. "पहिला बर्फ पडतोय आणि तू घरी," तो म्हणाला. "कसं वाटतं रे?"

आणि मग तो गप्प बसला. रेनोनं वाट पाहिली. आता खाण येईल, आता फोरमन येईल. काहीच आलं नाही. आर्विड त्याच्याकडे तोंड करून बसला होता, मान थोडी कलती करून.

"कसं वाटणार?" रेनो गुरकावला. "पातं बघितलंस त्यानं कुठं धरलं होतं? निम्मा बर्फ रस्त्यावरच ठेवून गेला. त्या वळणावर पातं थोडं तिरपं घ्यायचं असतं, नाहीतर..."

आणि तो घरापर्यंत बोलत राहिला.