शेवटची ओळ

मुइरनचं घोडं एकाच ओळीवर अडलं होतं, आणि तेही तिनेच लिहिलेल्या गाण्यात.

डब्लिनच्या स्टुडिओत बँडचा दुसरा अल्बम चालला होता. पहिला बरा गाजला होता, त्यामुळे आता जो तो शहाणपण शिकवत होता: कंपनीवाले, रेकॉर्डिंगला लंडनहून आलेला ट्रेव्हर, अगदी टॅक्सीवालेसुद्धा. पहिल्या अल्बमची सगळी गाणी गिटारवाल्या फियाक्राची, मुइरन नुसती गाणारी. या खेपेला तिने आपल्या कोळी बापावर एक गाणं लिहिलं. फियाक्रा मोठ्या मनाने "बघू" म्हणाला होता. आज ते नीट रेकॉर्ड झालं तर अल्बममध्ये, नाहीतर बाद.

ती डोळे मिटून, जीव ओतून गायली. आणि शेवटची ओळ आली तेव्हा सूर सोडून तिने ती सरळ बोलून टाकली, चहा मागावा तशी. "होडी वर ओढली, आता दिवा आत घ्या."

"थांबलीस का?" काचेपलीकडून ट्रेव्हरने विचारलं.

"थांबले नाही. संपलं."

"अगं, शेवटची ओळ गायची राहिली!"

"म्हटली की."

"म्हटलीस, गायली नाहीस. दमलीस का?"

पुन्हा गायली, आणि ये रे माझ्या मागल्या! ओळीची चाल तिचीच होती, नुसती गुणगुणताना ती बिनचूक यायची. पण पूर्ण गाणं गात तिथवर पोचलं की सूर आपोआप सुटायचा.

"मुइरन, नाटकं पुरे हं," फियाक्रा वैतागला. "स्वतःचं गाणं स्वतःच बुडवतेयस."

तिला रडूच यायला लागलं. हे असं कोण करतं? आणि एकदम आठवलं, डॅडी करतात! कॉनेमाराच्या त्यांच्या गावात सगळीच म्हातारी गाणारी मंडळी शेवटची ओळ अशी बोलून टाकायची. ती बाहेर फोनकडे धावली.

"डॅडी, तुम्ही गाण्याची शेवटची ओळ बोलता का हो?"

"मी? छे! बोलायला काय झालंय मला?" कोलमनबुवा चिडले. "आख्खं गातो मी. ऐक."

आणि त्यांनी फोनवर एक जुनं गाणं धरलं. मुइरन नाण्यांवर नाणी टाकत राहिली. शेवटची ओळ त्यांनी गाय विकत घेतल्याची बातमी सांगावी तशी बोलून टाकली.

"ऐकलंस? गायली की नाही?"

"गायली," मुइरन म्हणाली. आता तर तिला काहीच कळेना.

तोवर ट्रेव्हरने तोड काढली होती. शेवटची ओळ तेवढी वेगळी गायची, मग जोडून टाकू. ती एकटी ओळ मुइरनने सहज गायली. ट्रेव्हरने जोडून ऐकवलं. गाणं देखणं झालं होतं, फियाक्राने तर टाळ्या वाजवल्या. मुइरन मात्र गाणं संपायची वाट बघत बसली. पाहुणा दारात उभा आहे आणि त्याला कुणी आत ये म्हणत नाही, तसं काहीतरी वाटत राहिलं.

"हे नको. बोललेलं ठेवा."

"का?" फियाक्राने विचारलं.

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणून ठेवायचं?"

"हो. नाहीतर गाणंच काढून टाका." बोलून गेली खरी. एवढं एकच तर गाणं होतं तिचं.

ट्रेव्हरने फियाक्राकडे पाहिलं. फियाक्राने हात झटकले. "टाक सगळ्यात शेवटी. तिथवर ऐकतंय कोण!"

सगळा देश तिथवर ऐकत गेला. त्या हिवाळ्यात बेकरीत, बसमध्ये, न्हाव्याच्या दुकानात तेच गाणं. पत्रकार विचारायचे, शेवटी सूर का सोडलात? दुःखाने? ती म्हणायची, खरंच माहीत नाही. ते लिहायचे, किती खोल उत्तर!

गॉलवेच्या मोठ्या कार्यक्रमाला कोलमनबुवा कानांत कापूस घालून आले. पहिला अल्बम ऐकून "ढोल बरा आहे" एवढंच बोललेला माणूस. मुइरनने सगळ्यात शेवटी आपलं गाणं घेतलं. हजारो माणसं तिच्याबरोबर गात होती. आणि शेवटच्या ओळीला कुणी न सांगता सगळ्यांचे सूर खाली आले. साध्या आवाजात, एकदम, सगळे बोलले: होडी वर ओढली, आता दिवा आत घ्या. मुइरनच्या तोंडून अर्धीच ओळ निघाली. बाकीची ती ऐकत राहिली.

मागच्या खोलीत बुवा कापूस काढत बसले होते. डोळे लाल.

"ढोल फार झाला," ते म्हणाले. "पण माणसं आपली वाटली. शेवटची ओळ काय गायली गं सगळ्यांनी!"

"गायली, डॅडी?"

"मग काय, बोलली?"

मुइरन त्यांच्या शेजारी बसली. तिने त्यांचा खरखरीत हात हातात घेतला.

"गायलीच," ती म्हणाली.