पेशंट मी आहे

डॉक्टरांनी खुर्ची सुनेत्राकडे वळवली आणि हसून इंग्रजीत सांगितलं, "पाळी नियमित व्हायला हवी असेल तर आधी वजन उतरवावं लागेल. गोड बंद करा, रोज चाला."

सुनेत्राच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"पेशंट मी आहे," शेजारच्या खुर्चीतून उल्का म्हणाली. "या मला घेऊन आल्यात."

लग्नानंतर नागपूरहून अमेरिकेत कॅरी गावी आलेल्या उल्काकडे अजून लायसन्स नव्हतं. नवरा शंतनू ऑफिसात असला की वरच्या अपार्टमेंटमधली सुनेत्राताई तिला कुठेही ड्राइव्ह करून नेई. गेले सहा महिने उल्काला पाळी आली नव्हती. हनुवटीवरचे केस रोज आरशासमोर उपटून तिथली कातडी काळवंडली होती.

डॉक्टरांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"सोनोग्राफीत अंडाशयांवर पीसीओएस दिसतंय खरं. पण तुम्ही तर इतक्या बारीक! गोळ्या देतो, पाळी येईल."

"आणि शुगर? इन्सुलिन? यात तेही बघतात ना?"

"तुमच्या अंगकाठीला त्याची गरज नाही."

"माझी आई माझ्याहून बारीक आहे. तिला तरुणपणीच डायबिटीस झाला. टेस्ट लिहून दिल्याशिवाय मी उठणार नाही."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि लिहून दिलं.

गाडीत बसताच उल्काचा बांध फुटला.

"काय माणूस आहे! फाइल उघडायच्या आधी नुसतं बघून ठरवून टाकलं. आणि ताई, तुम्ही पण ऐकून घेतलंत! सांगायचं ना, मला काही झालेलं नाही म्हणून!"

सुनेत्राने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"कसं सांगणार? मलाही तेच आहे गं."

उल्काने वळून तिच्याकडे पाहिलं.

"इथे तीन डॉक्टर झाले. माझी शुगर पुण्यात असताना अगदी नॉर्मल होती. आता पुन्हा तपासा म्हटलं की हसतात. वजन उतरवा, मग या, म्हणतात. रक्त कोणी काढलंच नाही."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? पॉटलकच्या जेवणात ताटात दुसरी पुरी घेतली तरी बायका बघतात. मलाही वाटायला लागलं होतं, आपलंच चुकतंय."

स्टिअरिंगवर हात ठेवून ती समोरच्या काचेतून पाहत राहिली. मग किल्ली काढून खाली उतरली आणि दवाखान्याकडे परत निघाली. उल्का तिच्यामागे धावली.

काउंटरवरच्या मुलीने मान वर केली.

"काही राहिलं का?"

"हो. मला अपॉइंटमेंट हवीय. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांची चालेल."

"कशासाठी?"

'वजन' हा शब्द सवयीने ओठांवर आला. सुनेत्राने तो गिळला.

"रक्त तपासायचंय," ती म्हणाली. "माझं."