बारकीचे सात दिवस

बारकी गेल्याचा फोन वस्तीच्या धर्मगुरूंनी, रब्बींनी, सकाळी नऊच्या सुमाराला केला, तेव्हा वहिनी खिडकीच्या काचा पुसत होत्या.

"झोपेतच गेली," रब्बी म्हणाले. "खालच्या मजल्यावरच्या बाईंनी किल्लीवाल्याला बोलावून दार उघडलं. आता... तिच्या आंघोळीचं विचारायचं होतं. तुम्हाला जमेल का?"

"दुसरं आहे कोण?" वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवल्यावर उरलेली अर्धी काच पुसून टाकली.

खरंच दुसरं कोणी नव्हतं. गावातली यहुदी वस्ती आता दोन हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्या घरांची उरली होती. बाई वारली की तिला बायकांनीच न्हाऊ घालायचं असतं. ते काम अठ्ठावीस वर्षं दोघी करत आल्या होत्या. एक वहिनी, शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या. दुसरी त्यांची धाकटी नणंद, बारकी. नाव बारकी, पण उंची अशी की दारातून आत येताना मान तुकवायची. लग्न केलं नाही. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. आयुष्यभर परक्यांची बोलणी जोडून दिली आणि सख्ख्या भावजयीशी अकरा वर्षं एक अवाक्षर बोलली नाही.

वस्तीत हे बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हतं, कारण न्हाऊ घालायच्या खोलीत कोणीच बोलत नाही. तो नियमच आहे. आत्मा लगेच कुठे जात नाही म्हणतात. देहाच्या आसपास घुटमळतो, सगळं ऐकतो, आपल्याला कसं हाताळतात ते बघतो. म्हणून तिथे गप्पा नाहीत, खाणंपिणं नाही, देहावरून एकमेकींना वस्तू देणंसुद्धा नाही. साबण हवा असेल तर वळसा घालून जायचं. या नियमाच्या आडोशाला दोघींचा अबोला छान लपला. काम झालं की बारकी हात धुऊन, डोक्याचा रुमाल घडी करून निघून जायची. वहिनी पाच मिनिटं मुद्दाम मागे रेंगाळायच्या, म्हणजे रस्त्यात गाठ पडायला नको.

भांडण एका संध्याकाळचं होतं. वहिनींचे यजमान इस्पितळात होते. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. थोड्याच वेळात बारकीचा फोन आला, "येऊ का गं आत्ता?" वहिनी म्हणाल्या, "आत्ता कुठे डोळा लागलाय. उद्या ये." पहाटे ते गेले. इस्पितळातल्या परिचारिकेकडून बारकीला सगळं कळलं. दफनभूमीत ती वहिनींना एवढंच म्हणाली, "तुला माहीत होतं." त्यानंतर काही नाही.

आता बारकीच्या आंघोळीला जोडीला कोण? रब्बींनी एका तरुण बाईला पाठवलं. तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. खांदे रुंद, केस आखूड, आणि दारातच थबकलेली.

"मी कधी मेलेलं माणूस पाहिलं नाहीये," ती कुजबुजली.

"पाणी तर पाहिलंयस ना? मग झालं. मी करते तसं कर. आत गेल्यावर बोलायचं नाही."

बारकी फळीवर चादरीखाली होती. पाय फळीच्या बाहेर आले होते. वहिनींनी आधी डोकं धुतलं, मग उजवी बाजू, मग डावी. जेवढं धुवायचं तेवढंच उघडायचं, बाकी झाकून ठेवायचं. नखं लाकडी काडीनं साफ केली. उजव्या मनगटावर इस्त्रीचा जुना चटका होता. वहिनींच्या लग्नाच्या दिवशी वहिनींचाच झगा इस्त्री करताना भाजलेला.

मग तीन बादल्यांचं पाणी. त्याची धार तुटता कामा नये. पहिली बादली संपायच्या आत दुसरी सुरू व्हायला हवी, दुसरी संपायच्या आत तिसरी. तुटली तर सगळं पहिल्यापासून. बारकीबरोबर अठ्ठावीस वर्षांत एकदाही तुटली नव्हती. मान वर करून बघावंही लागायचं नाही. आज पहिल्याच खेपेला तुटली. पोरीच्या बादलीची कडी अडकली. दुसऱ्या खेपेला पुन्हा तुटली, आणि या वेळी चूक वहिनींची होती. त्या बारकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या होत्या. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बादल्या नळाखाली लावल्या. तिसऱ्यांदा धार डोक्यापासून पायापर्यंत सलग गेली.

पांढरे कपडे चढवले. त्यांना खिसे नसतात आणि गाठ मारायची नसते, नाडीचे नुसते फास करून ठेवायचे. शेवटी मृताचं आणि त्याच्या वडिलांचं नाव घेऊन म्हणायचं असतं, आमच्या हातून तुझा काही अवमान झाला असेल तर क्षमा कर. वहिनींनी ते म्हटलं. कितीतरी वेळा म्हटलेलं वाक्य. पुढे आणखी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. समोर ती पोर ओल्या हातांनी उभी होती. वहिनींनी तोंड मिटलं.

दफन त्याच दुपारी झालं.

प्रश्न पुढचा होता. सात दिवस जवळच्यांनी घरात बसायचं असतं. आईवडील, भावंडं, नवरा किंवा बायको, मुलं. बारकीला यातलं कोणीच उरलेलं नव्हतं. भावजय या यादीत येत नाही. अशा वेळी वस्तीतल्या दहा माणसांनी मृताच्या घरी जाऊन बसावं, अशी रीत आहे. सात दिवस आत्मा कबरीतून घरी आणि घरातून कबरीकडे येरझाऱ्या घालतो, आणि घरी आल्यावर कोणीच नसेल तर काय वाटेल त्याला?

पहिल्या दिवशी तेरा माणसं आली. दुसऱ्या दिवशी सहा. कोणाला दवाखाना, कोणाची मुलं, कोणाचे गुडघे. तिसऱ्या दिवसापासून सकाळची प्रार्थना उरकली की वहिनी एकट्या.

शोकात जमिनीलगत बसायचं, म्हणून त्या एका बुटक्या स्टुलावर बसून राहायच्या. दार उघडं. कपाटाच्या आरशावर चादर टाकलेली. ती का टाकायची याची उत्तरं वस्तीत प्रत्येकाची वेगळी. कोणी म्हणे, दुःखात रूप बघू नये. वहिनींची आजी म्हणायची, आरशात आत्मा स्वतःला शोधतो, दिसत नाही, मग बावरतो. शेल्फवर सात दिवसांचा दिवा तेवत होता. वहिनी अकरा वर्षांनी या घरात आल्या होत्या. सगळं जागच्या जागी होतं. कप एक. बशी एक. बाकीची भांडी वरच्या फळीवर, वर्तमानपत्रात बांधून ठेवलेली. भिंतीवर भावाचा फोटो, शाळेच्या गणवेशातला. त्याच्या लग्नाचा फोटो कुठेच नव्हता. वहिनींनी कपाटातसुद्धा बघितलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटून कपाट लावून टाकलं.

"आली असलीस तर बस," एका दुपारी त्या मोठ्यांदा म्हणाल्या. पडदा हलला नाही, फरशी वाजली नाही. वरच्या मजल्यावर कोणाचं तरी धुण्याचं यंत्र गरगरत होतं.

पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाई सूप घेऊन आल्या. त्या यहुदी नव्हत्या. दारात अवघडून उभ्या राहिल्या.

"तुम्ही वहिनी ना? बसले तर चालेल?"

"बसा की."

"फार बोलायची नाही ती. पण बाहेर पडताना भेटली आणि विचारलं कुठे निघालीस, तर म्हणायची, वहिनीकडे. वर्षातून दोनतीनदा. बाहेर पडायच्या आधी छान इस्त्रीचे कपडे करायची. मी माझ्या मुलीला म्हणायचेसुद्धा, बघ, नणंदा-भावजया असाव्यात तर अशा." त्यांनी सुपाचं भांडं पुढे सरकवलं. "तुम्हाला फार चुकल्यासारखं वाटत असेल."

"हो," वहिनी म्हणाल्या.

बाई गेल्यावर सूप तसंच निवत राहिलं. वर्षातून दोनतीनदा, म्हणजे वस्तीत कोणी बाई वारली की.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपल्यावर वहिनींनी रब्बींना थांबवलं. "तिला ऐकू येतं का हो अजून?"

रब्बी कोटाची बटणं लावता लावता थांबले. "कोणी म्हणतं माती पडेपर्यंत. कोणी म्हणतं बारा महिने आत्मा वरखाली करत असतो. खरं सांगू? मला माहीत नाही. का विचारताय?"

"मला तिची माफी मागायची आहे. त्या खोलीत मागणार होते. जीभ उचलली नाही."

"तिथे मागून भागलंही नसतं," रब्बी म्हणाले. "मेलेल्या माणसाची माफी मागायची तर दहा जणांना कबरीवर न्यायचं आणि त्यांच्यासमोर बोलायचं. काय केलं ते. मोघम नाही."

"दहा जणांसमोर?"

"पूर्वी दहा पुरुष म्हणायचे. आता जे दहा येतील ते. उद्या सातवा दिवस आहे, नाहीतरी सगळे कबरीवर जाणारच."

वहिनी त्या दुपारी घरी जाऊन आडव्या पडल्या. वस्तीतल्या सगळ्यांचे चेहरे डोळ्यांसमोरून गेले. त्या सगळ्यांना वहिनी म्हणजे मोठी भली बाई वाटायची.

सातव्या दिवशी बरोबर दहा आले. रब्बी, दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको, पोहायला शिकवणारी, बेकरीवाले दोघे भाऊ, तीन म्हाताऱ्या, आणि शिंपी. शिंपी वहिनींच्या यजमानांचा बालमित्र, अंत्यवस्त्रं तोच शिवायचा. आता पंचाहत्तरीचा होता. काठी टेकत सगळ्यांच्या मागे उभा राहिला.

माती अजून दबली नव्हती. वहिनींनी ढिगाऱ्याकडे बघत सुरुवात केली.

"तुझा भाऊ जाणार, हे मला डॉक्टरांनी संध्याकाळीच सांगितलं होतं. तू विचारलंस, येऊ का. मी नको म्हणाले. तो झोपला नव्हता. तू आलीस की तो तुझा व्हायचा. तुमचे लहानपणचे विनोद, तुमची हसणी. लग्नाला बत्तीस वर्षं झाली तरी मी बाजूला बसून नुसती ऐकायचे. ती एक रात्र मला तो एकटीला हवा होता. म्हणून मी खोटं बोलले. मी देवाचा आणि तुझा अपराध केला."

वारा सुटला होता. एका म्हातारीनं रुमाल नाकाला लावला. दहा जणांनी तीनदा म्हणायचं असतं, तुला क्षमा आहे. सगळ्यांनी म्हटलं, पण शिंप्याचे ओठ हलले नाहीत. रब्बींच्या ते लक्षात आलं.

"दहाही जण लागतात," ते हळूच म्हणाले.

"म्हणतो," शिंपी म्हणाला. "बारकीच्या वतीनं म्हणतो. माझ्या वतीनं नाही. मलाही कोणी कळवलं नव्हतं त्या रात्री." आणि त्यानं तीनदा म्हटलं, स्वच्छ आवाजात, कबरीकडे तोंड करून.

कबरीवर खडे ठेवून, दारातल्या नळावर हात धुऊन माणसं पांगली. डॉक्टरांनी गाडीतून सोडतो म्हटलं, वहिनी नको म्हणाल्या. हलकं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नव्हतं. बसच्या थांब्यावर आल्या तर बाकाच्या एका टोकाला शिंपी. त्या दुसऱ्या टोकाला बसल्या.



"भावजी," वहिनी म्हणाल्या, "तुमचीही मागायची आहे."

"त्याला दहा माणसं लागत नाहीत. मी जिवंत आहे अजून." त्यानं काठी गुडघ्यांमध्ये धरली. "शेवटी काय बोलला तो? एवढं तरी सांगा. अकरा वर्षं एकटीनं जवळ ठेवलंत."

वहिनींनी हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"बारकी आली का, म्हणाला."

शिंप्यानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"दोनदा विचारलं. मी म्हटलं, येतेय. वाटेत आहे. मग तो दाराकडे बघत राहिला. सगळी रात्र. माझ्याकडे नाही बघितलं." वहिनींनी हातमोजे पुन्हा काढले. "मला एकटीला हवा होता ना. मिळाला असा."

बस आली. दार उघडलं, चालकानं दोघांकडे बघितलं, वाट पाहिली, दार लावून निघून गेला.

"हे तिच्यासमोर बोललात मघाशी?"

"नाही."

"का?"

"तेवढं धैर्य नव्हतं."

शिंपी रस्त्याकडे बघू लागला. समोरच्या दुकानाचा माणूस पाट्या आत घेत होता. वहिनींना वाटलं, आता हा उठेल आणि काही न बोलता चालत जाईल. बारकीसारखाच. आणि तसं झालं तर त्याला दोष देता येणार नव्हता.

"मग परत यावं लागेल," तो म्हणाला. "मोघम चालत नाही, रब्बी सांगतात ना. बारा महिने आहेत म्हणतात, पण आपल्या म्हाताऱ्यांचा काय भरवसा, एखादी कमी झाली तर दहा कुठून आणणार? पुढच्याच आठवड्यात करू."

"तुम्ही याल?"

"नऊ तुम्ही बघा."

पुढची बस वीस मिनिटांनी होती. तो बाकाच्या त्याच टोकाला बसून राहिला, वहिनी याच टोकाला. थंडी वाढली तशी त्यानं कोटाची कॉलर वर केली आणि विचारलं, "दुखत होतं का त्याला फार?"

"नाही," वहिनी म्हणाल्या, आणि मग पहिल्यापासून सांगायला लागल्या, डॉक्टर बाहेर बोलावून घेऊन गेले तिथपासून.