हातावरचं नाव

डॉक्टर श्रुतिकाने राधाचा उजवा हात दिव्याखाली ओढून घेतला आणि कोपराच्या खाली गोंदलेल्या अक्षरांवरून अंगठा दाबत नेला. अक्षरं हिरवट निळी होती, इतक्या वर्षांत कडेने पसरलेली. शेवटचा 'म' ओळ सोडून खाली घसरला होता.

"नाव कुणाचं?" तिने विचारलं.

"मिस्टरांचं."

डॉक्टरचा आवाज एकदम मऊ झाला. "कधी गेले?"

"गेले नाहीत. घरी आहेत. पेपर वाचत असतील."

डॉक्टरची नजर काचेच्या दाराकडे गेली, सोबत कोणी आलंय का पाहायला. बाहेर कोणीच नव्हतं. राधा दहिसरहून मेट्रोने एकटीच अंधेरीला आली होती. घरी तिने फक्त 'बाहेर जाऊन येते' एवढंच सांगितलं होतं.

डॉक्टरने पुढे खोदून विचारलं नाही. तिने साखर-रक्तदाबाची चौकशी केली, जखम लवकर भरते का ते विचारलं आणि मग खुर्ची जवळ ओढून सगळं समजावून सांगितलं. शाईचे कण कातडीच्या आत मोठे मोठे बसलेले असतात, शरीराला ते उचलता येत नाहीत, म्हणून गोंदण जन्मभर टिकतं. लेसर त्या कणांचा भुगा करतो.

"पुसण्याचं काम मशीन करत नाही," ती म्हणाली. "मशीन नुसतं फोडतं. भुगा वाहून न्यायचं काम तुमच्या शरीराचंच. म्हणून वेळ लागतो. आज करायचं, मग दोनेक महिने थांबायचं, मग परत. पार्लरमधल्या रंगीत टॅटूपेक्षा हे जुनं काळ्या शाईचं गोंदण लवकर जातं. पण तुमचा रंग सावळा आहे. ती जागा पांढुरकी राहू शकते, कदाचित कायमची. चालेल?"

"चालेल," राधा म्हणाली.

त्याचं असं झालं होतं. मुलाने, अनिरुद्धने, मुलुंडला नवा फ्लॅट घेतला आणि सगळ्या नातेवाइकांना जेवायला बोलावलं. विहारातल्या बायका सांचीला निघाल्या होत्या. राधाने नणंदेला बोलता बोलता सांगितलं, की या खेपेला मीही नाव दिलंय. ते हॉलच्या पलीकडे बसलेल्या नवऱ्याने, धोंडिरामने, ऐकलं. तो उठून आला. कुस्तीच्या फडात जिंकलेल्या पैलवानाचा हात वर करतात तसा त्याने राधाचा हात सगळ्यांसमोर वर केला आणि बाही मागे सारली.

"वाचा," तो म्हणाला. "मालक कोण ते लिहिलंय. जायचं-यायचं ते मालकाला विचारून."

सगळे हसले. अनिरुद्ध हसला. सून तेजल तेवढी ताटं उचलायला वाकली. आणि राधाही हसली. लग्नापासून असल्या प्रसंगी ती हसतच आली होती. पण त्या दिवशी घरी परतताना तिचा जबडा ठणकत होता. हसून हसून नव्हे, चेहऱ्यावर हसू धरून ठेवून. बायका सांचीला जाऊन आल्या. त्यांचे फोटो तिने मोबाइलवर एकेक करून पाहिले, छान आलेत म्हणाली, आणि त्याच आठवड्यात अंधेरीच्या या दवाखान्यात फोन केला.

हात बधिर करायचं मलम लावायचं का, असं डॉक्टरने विचारलं तेव्हा ती हो म्हणाली. दुखून घ्यायची तिला हौस नव्हती. तरी दुखलंच. गरम तेलाचे थेंब एकामागून एक उडावेत तसं. फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज येत होता आणि केस जळल्याचा वास. गडद चष्म्यातून तिला दिसलं ते एवढंच, की अक्षरं चुन्याने लिहिल्यासारखी पांढरी फुलून वर आली होती. पाहता पाहता ती पांढरी झाक ओसरली आणि नाव होतं तसं पुन्हा दिसायला लागलं. मदतनीस चेतनाने मलम लावून पट्टी बांधली. फोड आला तर फोडायचा नाही, खपली धरली तर ओढायची नाही, उन्हात हात झाकायचा, असं तिने दोनदा बजावलं.

घरी धोंडिरामने पट्टी पाहिली.

"भाजलं काय?"

"नाही. नाव काढायला घातलंय."

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तसा त्याने पेपर घडी करून मांडीखाली ठेवला. "मी मेलो काय?"

"मेल्यावर काढून काय उपयोग?" राधा म्हणाली आणि कणीक मळायला गेली. एका हाताने.

त्या दिवसापासून त्याने तिच्याशी बोलणं टाकलं. काही हवं असलं की भिंतीकडे बघून बोलायचा. बहिणीला फोन लावून मोठ्या आवाजात सांगायचा, की या घरात आता माझं कोणी नाही. मग नणंदेचा राधाला फोन यायचा. अनिरुद्धचाही आला. या वयात हे काय काढलंस, लोक पपांना काय म्हणतील, निदान आता तरी थांबव, असं तो बराच वेळ बोलत होता. राधाने त्याला विचारलं, अर्धवट ठेवलेलं बरं दिसेल का? त्याने फोन ठेवून दिला. खाली कंपाउंडमधल्या बाकावर धोंडिराम रोज संध्याकाळी बसायचा. तिथे त्याने काय सांगितलं कोण जाणे, पण वरच्या मजल्यावरच्या बाईने एकदा जिन्यात अंग चोरून विचारलं, कातडीचं काही झालंय का, पसरतं का ते.

एका दुपारी ती भाजी घेऊन आली तर दाराला आतून कडी. तिने बेल वाजवली, हाका मारल्या. आत टीव्हीचा आवाज तेवढा वाढला. राधाने पुन्हा बेल वाजवली नाही. जिन्याच्या पायरीवर बसून तिने मेथीच्या जुड्या सोडल्या आणि एकेक काडी निवडत बसली. येणारे-जाणारे बघत होते. सगळी मेथी निवडून झाली तेव्हा कडी निघाली. तो दारात नव्हता. कडी काढून आत जाऊन बसला होता.

खपल्या गळल्या. सुरुवातीचा 'धों' आधी विटला, पुढची अक्षरं मागून. हात कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून ती लांब बाह्यांचे ब्लाउज घालत होती, पण भांडी घासताना बाही वर करावीच लागायची. तेव्हा धोंडिराम पाणी प्यायच्या निमित्ताने मोरीजवळ यायचा आणि तिरप्या नजरेने हात बघून जायचा. आजाऱ्याच्या खोलीत डोकावून जावं तसा.

तिसऱ्या खेपेला ती दवाखान्यात पोचली तर मागून तोही आत शिरला. त्याच गाडीने, दुसऱ्या डब्यातून आला होता. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्याने डॉक्टरला विचारलं, की नवऱ्याच्या परवानगीशिवाय असलं काम तुम्ही करता कसं.

"कातडी त्यांची आहे," डॉक्टर म्हणाली.

"नाव माझंय."

 डॉक्टरने मलमाच्या ट्यूबचं झाकण लावलं. धोंडिराम तसाच उभा राहिला. मग त्याने विचारलं, आता थांबवलं तर राहिलंय तेवढं राहील का.

"सांगता येत नाही. जे फुटलंय ते जात राहणार," ती म्हणाली. "मी आज मशीन चालू केलं नाही तरी आणखी फिकं होईल. ते कुणाच्या हातात नाही."

मशीन चालू असताना खोलीत थांबायचं तर डोळ्यांवर चष्मा हवा, नाहीतर बाहेर बसा, असं तिने सांगितलं. राधाला वाटलं, हा आता पाय आपटत निघून जाईल. त्याने चष्मा लावला. दोघंही काळ्या काचांआडून एकमेकांकडे बघत होते आणि कोणाचेच डोळे कोणाला दिसत नव्हते.

तडतड सुरू झाली. वास पसरला तसा धोंडिरामने नाकाला रुमाल लावला. शेवटच्या अक्षराशी राधाचा हात थरथरू लागला. डॉक्टरने मशीन थांबवलं. चेतना दुसऱ्या खोलीत होती.

"काका, जरा मनगट धरता? हलला तर भलतीकडे लागेल."

तो पुढे आला.

"नको," राधा म्हणाली. "एकदा धरलंय त्यांनी."

डॉक्टरने एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. सासूने आष्टीच्या बाजारातून गोंदणारीण घरी आणली तेव्हा राधा सतरा वर्षांची होती. नको नको म्हणून ओरडत होती. आईने सांगितलं म्हणून धोंडिरामने तिचं मनगट गुडघ्याखाली दाबून धरलं होतं, आणि तरी तिने हिसका दिला होता, म्हणून तो 'म' खाली घसरला. हे दोघांनाही ठाऊक होतं. इतक्या वर्षांत ते कोणी बोललं नव्हतं. धोंडिरामचा हात पुढे आला होता तो मागे गेला. राधाने डाव्या हाताने उजवं मनगट खुर्चीच्या दांडीवर दाबलं आणि म्हणाली, "चालू करा."

परतताना तो तिच्याच डब्यात चढला, पण दुसऱ्या टोकाला उभा राहिला. घरी आल्यावरही तोंडाचं कुलूप काही उघडलं नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःचा चहा स्वतः करू लागला आणि भांडं तसंच टाकून जाऊ लागला. राधानेही ते घासलं नाही. ओट्यावर दोन पातेल्यांचे दोन संसार लागले. मुंग्या येईपर्यंत त्याचं पातेलं तसंच पडायचं. मग कधीतरी नळाचा आवाज यायचा.

थंडी सरता सरता हात निवळला. उजेडात तिरपा धरला तर कातडीवर पांढुरकी झाक दिसायची, पण ती वाचता येत नव्हती. डॉक्टर म्हणाली, आता यायची गरज नाही.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी राधाला विहारात जायचं होतं. धोंडिराम खाली बाकावर बसला होता, शेजारी इमारतीतले आणखी चौघं. चावी घरातच विसरून गेला होता. तिने गॅलरीतून हाक मारली, "अहो."

बाकावरच्या दोघांनी वर पाहिलं. त्याने पाहिलं नाही. तिने पुन्हा हाक मारली. तो चपलेवरची धूळ झटकत बसला. आपल्यालाच हाक मारतेय हे त्याला माहीत होतं, आणि त्याला ते माहीत आहे हे तिला.

लग्न झाल्यापासून राधाने ते नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं. दवाखान्यात, बँकेत, अनिरुद्धच्या शाळेत कोणी विचारलं की ती बाही वर करून हात पुढे करायची. आत्ताही तिचा हात बाहीकडे गेला. मग तिने कठडा धरला.

"धोंडिराम."

फार मोठ्याने नाही. पण खालचं बोलणं थांबलं. बाकावरचे सगळे त्याला आडनावाने, ओव्हाळ म्हणायचे. त्याची आई गेल्यापासून धोंडिराम म्हणून त्याला कोणी हाक मारली नव्हती.

तो उठून उभा राहिला. "आलो," असंही म्हणाला. मग त्याने वर पाहिलं आणि हाक कोणी मारली ते त्याच्या ध्यानात आलं. आता परत खाली बसावं की काय करावं, हे त्याला ठरवता येईना.

"मी बाहेर चाललेय. चावी टाकते," राधा म्हणाली. "झेल."

त्याने दोन्ही हात पुढे केले.